आधी दम मोजा, मग बटण फिरवा

पहिल्यांदा मी फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, म्हणजे विंड सिंथ, घेऊन लग्नात उभा राहिलो ते खानापूर तालुक्यात. वीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेलं, त्यामुळे भीती अशी नव्हतीच. वाद्य खोक्यातून निघालं तसंच, कंपनीच्या सेटिंगवर, गळ्यात अडकवलं आणि सुरू केलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकच आवाज. हळू फुंकलं तरी तेवढाच, जोरात फुंकलं तरी तेवढाच. शेजारी सनईवाले तात्या बसले होते. अक्षता पडेपर्यंत काही बोलले नाहीत. मग पानाला चुना लावत म्हणाले, "वाद्य हाय का साखर कारखान्याचा भोंगा रे हे?"

वाद्यात खोट काहीच नव्हती. माझी क्लॅरिनेटची फुंक त्या वाद्याला फार होती आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आता बेळगावच्या वडगावात माझ्याकडे नवी मुलं वाद्य घेऊन येतात, तेव्हा पहिली बोटं नाही, फुंकेचं सेटिंग बघतो. येणारी बहुतेक दोन वाटांनी आलेली असतात: काही सनई-क्लॅरिनेटवरून, काही बासरीवरून. दोघांना लागणारं सेटिंग एकमेकांच्या बरोबर उलट असतं. म्हणून मित्राचे आकडे उतरवून घेण्याचा काही उपयोग नाही. तो सनईवाला असेल आणि तुम्ही बासरीवाले, तर त्याच्या आकड्यांवर तुमचं वाद्य मुकं होईल.

आत काय चालतं

बासरीत तुमची हवा स्वतः सूर तयार करते. इथं तसं नाही. तोंडात धरायच्या भागाच्या मागे एक बारीक नळी असते आणि तिच्या टोकाला हवेचा दाब मोजणारा सेन्सर. तुम्ही फुंकता, सेन्सर दाब मोजतो, वाद्य त्या दाबाचा आकडा करतं. ० म्हणजे फुंक नाही, १२७ म्हणजे भरपूर. हे आकडे मिडी या पद्धतीचे, इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलतात ती. ती १९८३ साली ठरली आणि अजून तीच चालू आहे. हा आकडा मग आवाज किती मोठा, किती धारदार ते ठरवतो. सूर कुठला ते बोटं ठरवतात.

या वाद्यांचं घराणं तसं जुनं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत लिरिकॉन आलं. नाईल स्टायनर या ट्रंपेटवाल्या संशोधकाच्या कल्पनेवर अकाई कंपनीनं १९८७ मध्ये आपलं पहिलं ईडब्ल्यूआय (इलेक्ट्रॉनिक विंड इन्स्ट्रुमेंट) बाजारात आणलं, त्याच साली यामाहाचं डब्ल्यूएक्स ७ आलं. रोलँडचं एरोफोन आलं २०१६ मध्ये. प्रत्येक कंपनीनं बटणांना वेगळी नावं दिलीत, पण फुंकेच्या बाबतीत मुद्दे तेच तीन: कुठून सुरू व्हायचं, किती फुंकेला पूर्ण आवाज द्यायचा, आणि मधल्या वाटेवर आवाज कसा चढायचा. मेनूत यांना बहुतेक थ्रेशोल्ड, गेन किंवा सेन्सिटिव्हिटी, आणि कर्व्ह म्हणतात. याच क्रमानं लावायचे. क्रम मोडला की एक नीट करताना दुसरं बिघडतं आणि संध्याकाळ जाते.

गवंड्याचा पाईप

बटणाला हात लावण्याआधी आपला दम मोजून घ्या. त्याला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी भिंतीची लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाईप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दोन मीटर आणा. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा, चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी दिसेल. खिळ्याला किंवा दाराच्या कडीला असा बांधा की पाईपचा इंग्रजी यू होईल. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत आलं की एक टोक तोंडात धरून हळूच फुंका. तुमच्या बाजूचं पाणी खाली जाईल, दुसरीकडचं वर चढेल. दोन पातळ्यांमधलं अंतर टेपनं मोजा. तेवढे सेंटिमीटर पाणी म्हणजे तुमचा दाब. फुंक सोडल्यावर ओढून घेऊ नका, कुंकवाचं पाणी पोटात जाईल. आमच्या एका पोरानं ते केलंय.

तीन मापं घ्या. आठ मात्रा न हलता धरता येते अशी सगळ्यात हळू फुंक. मग नेहमी वाजवताना लागणारी. मग मैफल रंगात आल्यावरची, पण तोंडाला फेस येईल अशी नको. क्लॅरिनेटला साधारण ३० ते ६० सेंटिमीटरचा दाब लागतो. सनईची पत्ती घट्ट असेल तर त्याहून जास्त. बासरीचं काम, विशेषतः खालच्या सुरांत, अगदी थोड्या दाबावर होतं, कारण तिथं दाबापेक्षा हवेची धार महत्त्वाची. बासरीवाल्यांनी पाईपमध्ये फुंकताना बासरीवर ठेवतात तेवढाच पोटाचा जोर ठेवायचा. बंद नळी बघून उगाच ताकद लावू नका.

हे आकडे वहीत लिहा. वाद्याच्या मेनूत ते कुठं भरायचे नाहीत. पण आपण वरच्या टोकाचे की खालच्या टोकाचे, ते कळतं, आणि पुढचा अंदाज सोपा होतो.

थ्रेशोल्ड: सुरुवात नाही, शेवट ऐका

आता वाद्य सुरू करा. सुरू करताना ते तोंडात नको. काही वाद्यं चालू होताना तेव्हाचा दाब शून्य म्हणून धरतात. त्या क्षणी तुम्ही फुंकत असाल तर सगळा हिशेब चुकतो आणि नंतर कितीही बटणं फिरवली तरी नीट बसत नाही. बंद करून परत चालू करा, टेबलावर ठेवून.

साधा, लांब चालणारा आवाज निवडा. बासरीसारखा किंवा सरळ सिंथ. रिव्हर्ब, इको सगळं बंद. गुंज असली की सुराची कड ऐकू येत नाही आणि इथं आपल्याला कडच ऐकायची आहे. कापडाच्या मागांच्या खडखडाटात तर हे काम हेडफोनशिवाय होतच नाही. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करतो, शेजारचे माग तेवढा वेळ बंद असतात.

गेन आणि कर्व्ह मधोमध ठेवा. थ्रेशोल्ड अगदी खाली आणा. बहुतेक वेळा न फुंकताच सूर निघायला लागेल, किंवा बोट ठेवलं की पुटपुटेल. एक-एक पायरी वर न्या, गप्प होईपर्यंत. मग तोंडात धरून नाकानं श्वास घ्या, खोलीत चार पावलं चाला, मान वळवा. तरी गप्प राहिलं पाहिजे. बोललं तर अजून एक पायरी.

इथवर सगळे करतात. पुढचं मात्र नवखे विसरतात. एक सूर धरा आणि तो हळूहळू विझवा, भजनात शेवटचा सा सोडतात तसा. सूर विझत विझत गेला तर ठीक. "टप्" करून तुटला तर थ्रेशोल्ड जास्त आहे, मग सुरुवात कितीही छान वाटो. थ्रेशोल्ड जास्त झालं की सुरुवातीला सूर धक्का देऊन येतो, पण द्रुत वाजवताना तो धक्का लपतो. शेवट लपत नाही. म्हणून मी हा आकडा नेहमी शेवटावरून ठरवतो. गप्प राहणं आणि विझणं यांत भांडण लागलं तर विझण्याच्या बाजूनं जा. चुकून एखादा सूर पुटपुटला तर लोक माफ करतात, पण प्रत्येक ओळीचा शेवट कात्रीनं कापल्यासारखा झाला तर कुणी बसून ऐकत नाही.

गेन: वर जागा ठेवा

माझी त्या लग्नातली चूक इथली. गेन म्हणजे किती फुंकेला आकडा १२७ वर पोचायचा. गेन जास्त असेल तर थोड्या फुंकेतच १२७ होतो आणि त्यापुढं तुम्ही जीव काढून फुंकलं तरी वाद्याला काही कळत नाही. गच्च भरलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखं.

वाद्याच्या पडद्यावर फुंकेचा आकडा किंवा पट्टी दिसत असेल तर काम सोपं. नसेल तर मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर मिडीचे आकडे दाखवणारं ॲप घ्या, वायर जोडा आणि कंट्रोल नंबर २ कडे लक्ष ठेवा, तोच फुंकेचा. नेहमीच्या जोमानं वाजवताना आकडा ९० ते १०० च्या आसपास असू द्या. रंगात आल्यावरच्या फुंकेला ११५-१२० पर्यंत जाऊ द्या. १२७ हाताशी राहिला पाहिजे, पण क्वचित लागावा. पहिल्याच ओळीत १२७ दिसला तर गेन कमी करा. उलट, दम संपेपर्यंत फुंकूनही ८० च्या पुढं जात नसेल तर वाढवा.

आकडे बघायची सोय नसेल तर कानानं करा. तबल्याचा ॲप लावून आठ मात्रांत एक सूर शून्यापासून पूर्णापर्यंत सारखा वाढवत न्या. कितव्या मात्रेला आवाज वाढायचा थांबतो ते ऐका. पाचव्याला थांबला तर गेन जास्त. आठव्याला नुसती सुरुवात झाल्यासारखं वाटलं तर कमी. सातवीच्या शेवटाला किंवा आठवीला पोचला की झालं.

सनईवाल्यांना गेन खाली आणावा लागतो, बासरीवाल्यांना वर. बासरीवाल्यांची आणखी एक तक्रार असते: "भिंतीवर फुंकल्यासारखं वाटतंय." बरोबर आहे. बासरीत हवा सगळी निघून जाते, इथं फार थोडी जाते. काही वाद्यांवर हवा बाहेर सोडणारा छोटा स्क्रू असतो, तो जरा सैल करा. नसेल तर ओठांच्या कोपऱ्यातून थोडी हवा गळू द्यायची सवय लावा. पहिले चार दिवस बावळट वाटेल, मग हात बसतो. स्क्रू हलवला किंवा ओठांची पद्धत बदलली की गेन परत तपासायचा, हे मात्र विसरू नका, कारण आत पोचणारा दाब बदललेला असतो.

गावाकडं मी एका कानडी सनईवाल्याकडं बसायचो. मी जोर लावायला लागलो की ते एवढंच म्हणायचे, "स्वल्प ऊदप्पा." थोडं फुंक रे बाबा. गेन लावताना मला अजून तेच ऐकू येतं. आपण सगळे पहिल्या दिवशी जास्तच फुंकतो, वाद्य नवं म्हणून. त्या उत्साहात लावलेला गेन आठवड्यानं कमी पडतो.

कर्व्ह: नावावर जाऊ नका

टोकं ठरली, आता मधली वाट. फुंक अर्धी केली तर आवाज अर्धा व्हायचा की कमी-जास्त, ते कर्व्ह ठरवतो. सरळ रेषेचा कर्व्ह म्हणजे फुंक जेवढी तेवढा आवाज. एक प्रकार असा की सुरुवातीच्या थोड्या फुंकेतच आवाज भराभर चढतो, मग सपाट होतो. दुसरा असा की बराच वेळ दबून राहतो आणि शेवटी उसळतो.

गोंधळ नावांचा आहे. एका कंपनीचं "सॉफ्ट" म्हणजे हलक्या फुंकेला मोठा आवाज. दुसरीकडे तोच शब्द बघून लोकांना वाटतं आवाज मऊ येईल. म्हणून नाव वाचू नका, वाजवून बघा. अर्ध्या दमाचा सूर धरा, एकेक कर्व्ह बदलत जा, फुंक तीच ठेवा. आवाज वाढला तर वाट लवकर चढणारी, कमी झाला तर उशिरा चढणारी.

भजनाला बसणाऱ्याला, हळू आवाजात खूप बारकावे करणाऱ्याला, उशिरा चढणारा कर्व्ह लाभतो, कारण खालच्या भागात फुंकेला भरपूर जागा मिळते. मिरवणुकीत हलगी आणि ताशापुढं वाजवणाऱ्याला बारकावे ऐकू जाणारच नाहीत, त्यानं लवकर चढणारा घ्यावा, दम वाचतो. अनंत चतुर्दशीला बेळगावातली मिरवणूक रात्रभर चालते, तिथं दम वाचवणं हेच सेटिंग. मी दोन वेगळी सेटिंगं जपून ठेवतो, एक बसायचं, एक चालायचं. मधोमधचा सरळ कर्व्ह दोन्हीकडं बरा चालतो आणि कुठंच उत्तम चालत नाही, पण पहिला महिना तोच ठेवा. कान तयार झाल्याशिवाय कर्व्ह निवडता येत नाही.

बाकीची बटणं

की डिले म्हणून एक असतं. दोन-तीन बोटं एकदम बदलताना ती अगदी एका क्षणी पडत नाहीत, मध्येच भलता सूर चमकतो. डिले वाढवला की वाद्य थोडं थांबून मग सूर बदलतं. जास्त झाला की हात जड वाटतात. नवखे फुंकेला दोष देतात, दोष याचा असतो. वेलॉसिटी, म्हणजे सूर किती जोरात सुरू झाला त्याचा आकडा, सुरुवातीला ठरावीक ठेवा, बदलती नको.

वाद्याला कॉम्प्युटर किंवा मोबाईलचा आवाज जोडणाऱ्यांनी एक तपासा. फुंकेचा आकडा कुठल्या नंबरवर जातो? २ फुंकेचा, ७ व्हॉल्यूमचा, ११ एक्स्प्रेशनचा. काही जण "असू दे की" म्हणून तिन्ही चालू ठेवतात. जनरल मिडीच्या शिफारशीप्रमाणे व्हॉल्यूम १२७ वरून ६४ ला आला की आवाज सुमारे १२ डेसिबल उतरतो. एक्स्प्रेशनही ६४ ला आला तर आणखी १२. म्हणजे अर्ध्या फुंकेत २४ डेसिबल गेले, आणि तुम्ही बसलाय गेन वाढवत. एकच नंबर चालू ठेवा. आणि काही आवाजांना फुंकेचा आकडा जोडलेलाच नसतो, पियानोसारखे ठोकून वाजणारे आवाज तसे असतात. तिथं कितीही फुंका, फरक पडणार नाही. आवाज बदला.

ब्लूटूथ स्पीकरवर सेटिंग कधीच करू नका. आवाज स्पष्ट जाणवेल इतका उशिरा येतो, मग वाटतं फुंक उशिरा लागतेय, मग थ्रेशोल्ड खाली आणता आणि वाद्य पुटपुटायला लागतं. वायर लावा. मंडपात साऊंडवाल्याचं मशीन आवाज दाबून एका पातळीत आणतं, तिथं हळू-मोठा फरक कमीच ऐकू येणार. त्यासाठी घरचं चांगलं सेटिंग मोडू नका, साऊंडवाल्याला चहा पाजा आणि दाब कमी करायला सांगा.

पावसाळा

आमच्याकडं हा वेगळा विषय आहे. जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीकडं हवाच ओली असते, शहरातही कपडे वाळत नाहीत. आपल्या श्वासातली वाफ नळीत गार होऊन पाणी होते, थंडीत तर जास्तच. पाणी साचलं की दाब नीट पोचत नाही. लक्षण असं: अर्ध्या तासानं आवाज दबल्यासारखा होतो किंवा सूर थरथरतो. इथं गेन वाढवायचा नाही. वाद्य उभं धरून पाणी खालच्या भोकातून निथळू द्या, तोंडाचा भाग काढून सुती कापडानं पुसा. उलट्या बाजूनं जोरात फुंकू नका, पाणी सेन्सरकडं ढकललं जातं. बोटाच्या स्पर्शावर चालणाऱ्या वाद्यांत ओलसर हातांमुळं भलते सूर लागतात, त्यांना रुमाल जवळ ठेवा. पंख्याखाली रात्रभर वाळू द्या, उन्हात नको.

पावसाळ्यासाठी थ्रेशोल्ड एक पायरी वर ठेवतो, दिवाळीनंतर परत खाली आणतो.

जिथं वाजवायचं तिथं

घरी खुर्चीवर बसून लावलेलं सेटिंग उभं राहिल्यावर थोडं बदलतं, कारण पोट मोकळं होतं आणि दम वाढतो. कार्यक्रमाआधी अर्धा तास पोचा. फक्त दोन गोष्टी करा: एक सूर विझवून बघा, आणि एक सूर आठ मात्रांत वाढवून बघा. पहिल्यात तुटला तर थ्रेशोल्ड एक पायरी खाली, दुसऱ्यात लवकर थांबला तर गेन एक पायरी खाली. कर्व्हला तिथं हात लावू नका. उजेड कमी असतो, मेनू बारीक असतो, वरात दारात आलेली असते.

सगळं मनासारखं झालं की वाद्यात सेव्ह करा. सेव्ह न करता बंद केलं की काही वाद्यं सगळं विसरतात. तरीही आकडे वहीत लिहा, तारीख आणि ऋतूसकट, कारण कधीतरी मूळ सेटिंगवर आणायची वेळ येतेच आणि तेव्हा सेव्ह केलेलंही जातं. पंधरा दिवसांनी गवंड्याचा पाईप परत बाहेर काढा. नेहमीची फुंक तोवर उतरलेली असते, माझी ४० वरून ३० च्या खाली आली होती. मग गेन परत लावायचा, थ्रेशोल्डपासून सुरू करून.